क्लॅक्टनचा भाला आणि आपला बिस्किटांचा डबा

मंडळाची उन्हाळी सहल क्लॅक्टनला गेली, तेव्हाची गोष्ट. सकाळी इल्फर्डहून बस निघाली, गँट्स हिलच्या राउंडअबाउटवरून ए १२ ला लागली आणि चेम्सफर्ड येईपर्यंत मागच्या सीटवर अंताक्षरी सुरू झाली. साठेक मैलांचा प्रवास. किनाऱ्यावर पोहोचल्यावर सतरंज्या पसरल्या, पुऱ्या-भाजीचे डबे उघडले, आणि समुद्राकडे एक नजर टाकून आपल्या एका ज्येष्ठ काकांनी निकाल दिला, "हा काय समुद्र? चहा सांडल्यासारखा दिसतोय. गणपतीपुळ्याला नुसतं उभं राहिलं तरी माणूस प्रसन्न होतो. इथे बघण्यासारखं आहे काय?"

मी त्या वेळी हसून पुऱ्या वाढत राहिले. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण त्याचे उत्तर मला थोडेफार ठाऊक होते आणि सतरंजीवर बसून ते दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे नव्हते. तेव्हा काका, हा लेख म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

आज दिसते ते क्लॅक्टन-ऑन-सी हे गाव फारसे जुने नाही. पीटर ब्रफ नावाच्या रेल्वे इंजिनिअरने इथली किनाऱ्यालगतची जमीन घेऊन नवे शहर आखले. १८७१ मध्ये इथला पिअर सुरू झाला आणि लंडनहून आगबोटीने लोक हवा खायला येऊ लागले. १८८२ मध्ये रेल्वे आली. १९३८ मध्ये बटलिन्सचा हॉलिडे कँप उघडला, तो १९८३ पर्यंत चालला. शेजारच्या जेविक गावात १९२८ पासून लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कामगारांनी छोटे प्लॉट घेऊन सुटीतली लाकडी घरे बांधली. तिथल्या एका वस्तीतल्या रस्त्यांना मोटारींच्या कंपन्यांची नावे आहेत, हे मुलांना दाखवण्यासारखे. १९७४ मध्ये क्लॅक्टन, फ्रिंटन, वॉल्टन, हारिच ही सगळी किनाऱ्यावरची गावे मिळून टेंड्रिंग जिल्हा झाला. म्हणजे रिसॉर्ट म्हणून क्लॅक्टनचा सगळा इतिहास दीडशे वर्षांचा. आपल्याकडच्या एखाद्या हिल स्टेशनपेक्षाही कमी.

पण ज्या वाळूवर आपण सतरंज्या टाकल्या, त्या वाळूखालचा इतिहास चार लाख वर्षांचा आहे. अंकात लिहायचे तर ४,००,०००. छपाईची चूक नाही.

१९११ मध्ये सॅम्युएल हॅझलडीन वॉरन हे गृहस्थ क्लॅक्टनच्या किनाऱ्यावर जुनी दगडी हत्यारे शोधत होते. ते कुठल्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. आपल्याच सेंट्रल लाइनवरच्या लाउटनला राहणारे, हौसेने अभ्यास करणारे गृहस्थ. समुद्राच्या लाटांनी खालचे जुने थर उघडे पडले होते आणि त्या थरात त्यांना एक काळपट लाकडाचा तुकडा मिळाला. लांबी सुमारे ३७ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पोळपाटावरच्या लाटण्याएवढी. जाडी लाटण्यापेक्षा थोडी कमीच. एक टोक तुटलेले आणि दुसरे टोक मुद्दाम तासून अणकुचीदार केलेले. लाकूड यू या झाडाचे, जे इथे जुन्या चर्चच्या आवारात हमखास दिसते. कुणी तरी, कधी तरी, हातातला भाला तासताना दगडाने मारलेल्या रेघा त्यावर राहिल्या होत्या. आज हा तुकडा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात आहे आणि 'क्लॅक्टन स्पिअर' या नावाने जगभर ओळखला जातो. जगात सापडलेल्या भाल्यांपैकी सर्वांत जुना तो हाच.

आता हा भाला तिथे आला कसा, हे कळण्यासाठी आधी नदीची गोष्ट सांगायला हवी, आणि ती गोष्ट आपल्या घराजवळूनच सुरू होते.

सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी हिमयुगात उत्तरेकडून बर्फाचा प्रचंड थर सरकत आला. तो कुठवर आला? आपल्या हॉर्नचर्चपर्यंत. १८९२ मध्ये तिथे रेल्वेसाठी जमीन खोदताना टी. व्ही. होम्स यांना बर्फाने ढकलत आणलेली माती दिसली आणि तिच्यावर थेम्सची वाळू-खडी पसरलेली होती. त्याआधी थेम्स नदी लंडनमधून वाहतच नव्हती. ती वर हर्टफर्डशायरमधून, सेंट ऑल्बन्सच्या बाजूने एसेक्समध्ये येत असे. बर्फाने तिची वाट अडवली आणि तिला दक्षिणेला, आजच्या वाटेवर ढकलले. बर्फ वितळल्यावरही ती जुन्या वाटेला गेली नाही. लंडनवरून येऊन, मेडवे नदीला सोबत घेऊन ती आजच्या साउथएंडजवळून उत्तरेकडे वळत असे आणि क्लॅक्टनवरून पुढे जात असे. म्हणजे आपण ज्या ठिकाणी बसून चिवडा खाल्ला ते तेव्हा थेम्सचे पात्र होते. आपली बस इल्फर्डहून क्लॅक्टनला गेली, तशीच काहीशी ती नदीही गेली होती, जरा लांबच्या वाटेने.

त्या नदीकाठी हवा आजच्यासारखीच उबदार होती. तिथल्या थरात मिळालेल्या हाडांवरून प्राण्यांची यादी करता येते: सरळ सुळ्यांचा हत्ती, गेंडा, सिंह, घोडा, रानगवे आणि मोठ्या शिंगांचे एक हरीण, ज्याच्या शास्त्रीय नावातच 'क्लॅक्टोनियाना' असा गावाचा उल्लेख आहे. एसेक्समध्ये हत्ती आणि गेंडे! आणि त्यांच्यामध्ये माणसे. आपल्यासारखी आधुनिक माणसे नव्हेत, आपली जात तोवर जन्माला यायची होती. त्यांची हाडे क्लॅक्टनला मिळालेली नाहीत, पण निअँडरथल माणसाचे पूर्वज किंवा त्यांच्या जवळचे कुणी असावेत, असे जाणकार मानतात.

ही माणसे चकमकीच्या दगडावर दुसरा दगड आपटून धारदार कपच्या काढत. सुबक हातकुऱ्हाडी क्लॅक्टनला मिळत नाहीत, नुसत्या कपच्या आणि ज्यातून त्या काढल्या ते गाभे. या पद्धतीला गावावरून 'क्लॅक्टोनियन' असे नाव पडले आणि ते जगभरच्या पुस्तकांत गेले. हातकुऱ्हाडी न करणारे हे वेगळे लोक होते की तेच लोक कामापुरते साधे हत्यार करत होते, यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे. पूर्वी अनेकांना वाटे की ओबडधोबड दगड म्हणजे ओबडधोबड बुद्धी. भाल्याने हा समज खोटा ठरवला. आधी योग्य झाड निवडायचे, यू कठीणही असते आणि लवचीकही. मग फांदी तोडायची, साल काढायची आणि खाच असलेली कपची रंध्यासारखी फिरवत टोक काढायचे. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी तशाच कपच्या वापरून असे टोक करून पाहिले आहे, ते जमते. म्हणजे ही माणसे मारून आणायची शिकार डोळ्यांपुढे ठेवून आजचे काम उद्यासाठी करत होती.

काहींनी शंका काढली होती की हा भाला नसून कंदमुळे उकरायची काठी असेल. पण १९९० च्या दशकात जर्मनीत शोनिंगन येथे लाकडाचे अखंड भाले घोड्यांच्या हाडांसोबत मिळाले आणि भाल्याचा पक्ष बळकट झाला. ते भाले पूर्वी तीन लाख वर्षांचे मानत, २०२५ च्या एका अभ्यासाने ते दोन लाख वर्षांपर्यंत खाली आणले. तेव्हा आपला क्लॅक्टनचा तुकडा आणखीच एकटा, आणखीच पुढे पडला. २०२३ मध्ये आफ्रिकेत झांबियातील कलांबो धबधब्याजवळ पावणेपाच लाख वर्षांपूर्वीची, खाच पाडून एकमेकांवर बसवलेली लाकडे मिळाल्याचे जाहीर झाले. तेव्हा लाकूडकाम त्याहून जुने, पण भाला मात्र क्लॅक्टनचा.

आता माझ्या विषयाचे थोडे बोलते, कारण केमिस्टला याच ठिकाणी राहवत नाही. लाकूड चार लाख वर्षे टिकते कसे? आपल्या बागेतले कुंपण दहा वर्षांत कुजते. कुजणे म्हणजे बुरशी आणि जंतूंचे जेवण, आणि बुरशीला जेवायला ऑक्सिजन लागतो. नदीच्या चिखलात गाडले गेलेले लाकूड सतत पाण्याखाली राहिले, तिथे ऑक्सिजन पोहोचला नाही, बुरशी उपाशी राहिली. लाकडातले सेल्युलोज हळूहळू झिजत जाते, पण लिग्निन नावाचा चिवट भाग आकार धरून ठेवतो आणि रिकाम्या जागेत पाणी भरलेले असते. असे लाकूड बाहेर काढून उन्हात ठेवले की ते पाणी उडून जाताना पेशींच्या भिंती आत ओढल्या जातात, लाकूड आक्रसते आणि तडकते. क्लॅक्टनचा तुकडाही वाळल्यावर थोडा आक्रसला आहे. म्हणजे त्याला चिखलात चार लाख वर्षे जो धोका नव्हता, तो बाहेर आल्यावर चार दिवसांत होता. तो वाचला याची दोन कारणे: चिखल आणि वॉरनसाहेब. चिखलाने जपला, पण ओळखून उचलला, कुठल्या थरात मिळाला ते लिहून ठेवला आणि योग्य हाती दिला, म्हणून तो आज आहे. लाटांनी तो दुसऱ्या दिवशी नेला असता तर आपण आजही म्हणत राहिलो असतो की त्या माणसांना दगड फोडण्यापलीकडे काही येत नव्हते.

काका, तुमच्या गणपतीपुळ्याकडेही येते. त्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर, उक्षी, कशेळी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणी कातळशिल्पे आहेत. जांभ्या दगडात कोरलेले हत्ती, मासे, माणसांच्या आकृती, आणि आज कोकणात नसलेल्या गेंड्यासारखे प्राणीसुद्धा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायाखाली घालून, गावकऱ्यांना विचारत विचारत ही शिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचे नाव लागले. ती कोरणाऱ्या माणसांकडेही लाकडाच्या वस्तू असणारच. पण कोकणातला पाऊस, उष्णता आणि जांभ्याची आम्ल माती लाकडालाही सोडत नाही आणि हाडांनाही नाही. तिथे दगड राहिला, लाकूड गेले. क्लॅक्टनला चिखलामुळे लाकडाचा एक तुकडा राहिला. तेव्हा जे राहते तेवढेच होते, असे धरून चालू नये. राहते ते नशिबाने आणि कुणाच्या तरी लक्षामुळे.

वॉरननंतरही लक्ष ठेवणारे आले. १९३४ मध्ये जेविकला एका विशीतल्या मुलीने उत्खनन केले. तिचे नाव मेरी निकोल. पुढे मेरी लीकी म्हणून ती आफ्रिकेत गेली, आणि टांझानियातल्या लाएटोली येथे १९७८ मध्ये राखेत उमटलेली छत्तीस लाख वर्षांपूर्वीची पावले तिच्याच पथकाने उजेडात आणली. १९६९-७० मध्ये क्लॅक्टनच्या गोल्फ कोर्सवर खोदकाम झाले. १९८७ मध्ये बंद पडलेल्या बटलिन्सच्या जागेवर घरे बांधायची वेळ आली, तेव्हा उघड्या पडलेल्या थरांचा अभ्यास झाला. ज्या कँपमध्ये माणसे तंगड्या पसरून सुटी घालवत होती, त्याच्या खाली थेम्सचे जुने पात्र होते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या लाटांनी भाला दाखवला त्याच लाटा घरेही नेतात. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री पूर्व किनाऱ्यावर समुद्र आत शिरला, इंग्लंडमध्ये ३०७ माणसे गेली, त्यात एकट्या जेविकमधली तीसहून अधिक. त्यामुळे आज तिथे काँक्रीटच्या भिंती आणि दगडांचे बांध आहेत, आणि ते हवेतच. पण भिंतीमागे गेलेले थर आता सहज दिसत नाहीत. माणसांना जपायचे म्हणजे काही वेळा इतिहास झाकावा लागतो. त्याबद्दल तक्रार करता येत नाही, मात्र झाकण्याआधी पाहून, लिहून ठेवता येते.

हे लिहून ठेवण्याचे काम आपल्या इल्फर्डनेही केले आहे. १८६४ मध्ये इल्फर्ड लेनजवळच्या अपहॉलच्या वीटभट्टीसाठी माती खोदताना मॅमथची कवटी मिळाली, सुळ्यासकट. ब्रिटनमध्ये मिळालेल्या मॅमथच्या कवट्यांत सर्वांत पूर्ण मानली जाते ती हीच, साधारण दोन लाख वर्षांपूर्वीची. नौदलाच्या कचेरीत नोकरी करणारे सर अँटोनिओ ब्रेडी वीटभट्टीच्या कामगारांकडून अशी हाडे मिळवून जमवत. ब्रिटिश म्युझियमचे विल्यम डेव्हिस यांनी ती कवटी मातीतून सोडवली आणि १८७४ मध्ये ब्रेडींच्या संग्रहाची छापील यादी तयार केली. हजारो विटा इथून लंडनला गेल्या आणि त्यांचे काय झाले ते कुणाला ठाऊक नाही. ती कवटी मात्र यादीत नोंदली गेली म्हणून आजही 'इल्फर्डचा मॅमथ' आहे. रेडब्रिज म्युझियममध्ये, लायब्ररीच्या इमारतीत, त्याची गोष्ट मांडलेली आहे. मुलांना जरूर न्या.

आता बिस्किटांच्या डब्याकडे येते. सहलीनंतर काही दिवसांनी मंडळाचे जुने कागद माझ्या ताब्यात आले. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जमाखर्चाच्या वह्या, गणेशोत्सवाची पत्रके, फॅक्सचे कागद, आणि पत्र्याच्या एका बिस्किटांच्या डब्यात फोटो. फॅक्सचे कागद कोरे झाले होते, अक्षरशः पांढरे. ते उष्णतेने उमटणारे रंग काही वर्षांतच पुसट होतात. मी केमिस्ट असूनही ते पंधरा वर्षांपूर्वी हाती येऊ नयेत आणि त्यांची झेरॉक्स काढून ठेवू नये, याचे वाईट वाटले. झेरॉक्सच्या शाईचा काळा रंग कार्बनचा असतो, तो टिकतो. आपले हे वार्तापत्र त्या बाबतीत भाग्यवान आहे.

फोटो चांगले होते, काळे-पांढरे. (फोटोच्या फिल्मसाठी जगभर गाजलेली इल्फर्ड कंपनी १८७९ मध्ये याच गावात सुरू झाली आणि १९७६ मध्ये तिचा इथला कारखाना बंद झाला, हे जाता जाता.) एका फोटोत एका हॉलमध्ये पाटावर गणपती, पुढे सात-आठ बायका नऊवारीत, मागे कोट घातलेले पुरुष, एक मूल रडते आहे. मागच्या बाजूला काहीही लिहिलेले नाही. मी तो घेऊन आपल्या सर्वांत जुन्या सदस्य आजींकडे जायचे ठरवले होते. त्यांना सगळे ठाऊक असणार, याबद्दल शंका नव्हती. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता हिवाळा आला, आणि फेब्रुवारीत आजी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला मी गेले तेव्हा तो फोटो माझ्या पर्समध्येच होता.

चार लाख वर्षांपूर्वी एका माणसाने भाला तासला, तो कशासाठी, हे आपण बऱ्यापैकी सांगू शकतो. पन्नासेक वर्षांपूर्वी याच गावात गणपती बसवणाऱ्या त्या आठ बायकांची नावे आपल्याला सांगता येत नाहीत. त्यांनी मोदकाचे पीठ कुठून आणले, हॉलचे भाडे कसे जमवले, ते मूल का रडत होते, हे सारे कुणाच्या तरी डोक्यात होते आणि चिखल नव्हता.

म्हणून काका, तुम्हाला आणि सगळ्याच ज्येष्ठ मंडळींना विनंती. घरातले जुने फोटो काढा. मागच्या बाजूला साध्या मऊ शिसपेन्सिलीने, फार न दाबता, तीन गोष्टी लिहा: कोण, कुठे, कधी. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई पाझरते. शिसपेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट, तो फिका पडत नाही. फोटो द्यायचे नसतील तर देऊ नका, मी घरी येऊन त्यांची प्रत काढून नेईन, चहा मात्र द्यावा लागेल. आणि तो गणपतीचा फोटो पुढच्या कार्यक्रमाला प्रवेशद्वाराशी टेबलावर ठेवणार आहे. ज्याला जे नाव ओळखता येईल ते शेजारच्या कागदावर लिहावे. एक नाव आले तरी चालेल.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच किनाऱ्यावर जायचा विचार आहे, या वेळी वॉल्टनलाही. तिथल्या कड्याखाली पाच कोटी वर्षांपूर्वीच्या शार्क माशांचे दात वाळूत सुटे मिळतात. कडा खोदायचा नाही, खाली पडलेले तेवढे वेचायचे, आणि भरतीची वेळ आधी बघून जायचे. समुद्र तेव्हाही चहाच्याच रंगाचा असेल. तो रंग चिखलाचा आहे, काका, आणि चिखलाबद्दल आता माझी काही तक्रार राहिलेली नाही.